ज्यू कोण? रब्बीचं उत्तर आणि सरकारचं उत्तर

समजा, पेणजवळच्या एका गावातली बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाच्या, घरातली मुलगी. आजोबांच्या काळी घरचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचं. ही मुलगी १९५० च्या दशकात आईबापाबरोबर इस्रायलला गेली. तिथे उतरल्यावर फार चौकशी झाली नाही. ती ज्यू होती, आणि ज्यू माणसाला त्या देशात येऊन नागरिक होण्याचा हक्क होता. दहा वर्षांनी तिचं लग्न ठरलं, मोरोक्कोहून आलेल्या घरातल्या मुलाशी. नोंदणीसाठी दोघं रब्बीच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूच्या, कचेरीत गेली आणि तिथे प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. आई कोण? आईची आई कोण? त्यांच्यात कोणी काडीमोड घेऊन दुसरं लग्न केलं होतं का?

ही मुलगी माझ्या कल्पनेतली असली, तरी तिच्यासारख्या अनेकींवर १९६२ ते १९६४ च्या दरम्यान ही वेळ खरोखर आली होती. एका कचेरीला जी ज्यू म्हणून मान्य होती, ती दुसऱ्या कचेरीत संशयित ठरली.

आपल्याकडे ज्यूंविषयी बोलताना ‘हा धर्म की वंश?’ हा प्रश्न हमखास निघतो. प्रश्न वाईट नाही, पण त्याने गुंता सुटत नाही. गुंता असा आहे की ‘ज्यू कोण?’ या एकाच प्रश्नाला दोन वेगळ्या ठिकाणांहून दोन उत्तरं मिळतात आणि बातम्यांमध्ये ती सर्रास एकमेकांत मिसळली जातात. एक उत्तर हलाखाचं, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचं. दुसरं इस्रायलच्या परतीच्या कायद्याचं. पहिलं शतकानुशतकांचं आहे, दुसरं १९५० सालचं. पहिलं कडक आणि दुसरं सैल, असं बहुतेकांना वाटतं. तेही पूर्ण खरं नाही, आणि ते कसं, हे एका कॅथलिक साधूच्या गोष्टीत पुढे येईल.

आधी हलाखा. नियम सांगायला सोपा आहे: ज्याची आई ज्यू, तो ज्यू. बाप कोण, याने फरक पडत नाही. जन्माने नसलेल्यालाही ज्यू होता येतं, पण त्यासाठी तिघांच्या धर्मपीठासमोर जावं लागतं, मिकवे नावाच्या कुंडात पूर्ण बुडी घ्यावी लागते, पुरुष असेल तर सुंता करावी लागते, आणि मुख्य म्हणजे आज्ञा पाळायची तयारी दाखवावी लागते. आईकडून येतं ते ज्यूपण. पुरोहिताचं घराणं मात्र बापाकडून येतं. कोहेन, म्हणजे पुरोहित, हा कोहेनचा मुलगा असतो, आणि त्याला घटस्फोटित किंवा धर्मांतरित बाईशी लग्न करता येत नाही. मराठी वाचकाला हे समजावून सांगताना मी गोत्राचा दाखला देतो: गोत्र बापाचं लागतं तसं कोहेनपण बापाचं, पण त्या समाजात जन्माला आलो की नाही हे ठरतं आईवरून. दाखला फार ताणू नये, पण पहिल्या पायरीला उपयोगी पडतो.

या नियमाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. हलाखात आत येण्याची वाट आहे, बाहेर पडण्याची नाही. तालमूद या रब्बींच्या शास्त्रचर्चेच्या जुन्या ग्रंथात एक वचन आहे, पाप केलं तरी तो इस्रायलच. पुढच्या काळातल्या रब्बींनी त्याचा अर्थ असा लावला की ज्यू माणसाने धर्म सोडला, दुसरा धर्म घेतला, देव नाकारला, तरी त्याचं ज्यूपण पुसलं जात नाही. त्याचे काही हक्क जातील, लोक त्याला पंगतीला घेणार नाहीत, पण तो वाईट ज्यू होतो, बिगर-ज्यू होत नाही. नास्तिक ज्यू हा शब्दप्रयोग आपल्या कानाला विचित्र लागतो. हलाखाला त्यात काहीच विचित्र वाटत नाही.

मग ज्यूपण आत्म्यात असतं का, असंही कोणी विचारेल. रोज सकाळच्या प्रार्थनेत ज्यू माणूस म्हणतो की देवा, तू माझ्यात घातलेला आत्मा शुद्ध आहे. त्यासाठी शब्दही एक नाही: नेफेश, रुआख, नेशामा असे थर आहेत, आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी माणसाला एक जादा आत्मा मिळतो आणि शनिवारी रात्री तो जातो, अशीही एक गोड समजूत आहे. शब्बाथ संपताना सुवास घेण्याची रीत आहे. तिचं एक कारण असं सांगतात की जादा आत्मा गेल्यावर मन उदास होतं, त्याला थोडा धीर मिळावा. पण ज्यू कोण हे ठरवताना हलाखा आत्म्याची तपासणी करत नाही. धर्मपीठ आईचं नाव विचारतं, साक्षीदार विचारतं, कागद मागतं.

आत्मा मधे येतो तो धर्मांतरितांच्या प्रश्नात. ज्याचे पूर्वज, देवाने ज्यूंना आज्ञा दिल्या त्या सिनाय पर्वतापाशी उभे नव्हते, तो ‘आमच्या पूर्वजांचा देव’ असं कोणत्या तोंडाने म्हणणार? तालमूदचं एक उत्तर असं की पुढे धर्मात येणाऱ्यांचं नशीब तेव्हाच तिथे हजर होतं. काही गूढवादी याच्याही पुढे गेले. त्यांच्या मते धर्मांतरित माणसाचा आत्मा मुळातच ज्यू असतो, तो फक्त घरी परततो. मध्ययुगात येहुदा हालेवी या ज्यू कवीने वारशाने येणाऱ्या एका खास गुणावर भर दिला. त्याच शतकात मैमोनिदीस या मोठ्या ज्यू शास्त्रकाराला ओवाद्या नावाच्या एका धर्मांतरिताने हाच प्रश्न पत्रातून विचारला. मैमोनिदीसने लिहिलं की बिनदिक्कत म्हण, अब्राहमच्या वाटेने चालणारा प्रत्येक जण अब्राहमचा मुलगा आहे. आमचं कूळ अब्राहम, इसहाक, याकोब यांच्यापर्यंत जातं, तुझं तर ज्याच्या शब्दाने जग झालं त्याच्यापर्यंत जातं. मला हे पत्र त्या सगळ्या वादातलं सर्वात उमद्या मनाचं लेखन वाटतं. पण नवा ज्यू कोणत्या धर्मपीठाचा मान्य करायचा, हा तंटा त्याने सुटला नाही. तो आजही न्यायालयात जातो.

आता दुसरं उत्तर. इस्रायलच्या संसदेने, म्हणजे क्नेसेटने, जुलै १९५० मध्ये परतीचा कायदा केला. प्रत्येक ज्यूला या देशात येऊन स्थायिक होण्याचा हक्क आहे, असं त्यात लिहिलं होतं. ज्यू म्हणजे कोण, हे मात्र लिहिलंच नव्हतं. विसरले नव्हते, टाळलं होतं. १९५८ मध्ये गृहखात्याने ज्यू म्हणून नोंद कोणाची करायची यावरून सरकार डळमळलं, तेव्हा पंतप्रधान बेन-गुरियन यांनी जगभरच्या सुमारे ५० ज्यू विद्वानांना पत्र पाठवून मत विचारलं. बहुतेकांनी हलाखाकडे बोट दाखवलं. तरी व्याख्या कायद्यात आली नाही.

आणि मग ब्रदर डॅनियल यांचा खटला आला. ऑस्वाल्ड रूफाइझेन हा पोलंडमधला ज्यू तरुण. दुसऱ्या महायुद्धात खोटी ओळख घेऊन तो मीर गावात जर्मन पोलिसांचा दुभाषी झाला. घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, साफ करायची तारीख कळताच त्याने आतल्या लोकांना इशारा दिला, आणि शेकडो जण पळून जाऊ शकले. तो पकडला गेला, निसटला, एका मठात लपला आणि तिथे ख्रिस्ती झाला. युद्धानंतर कार्मेलाइट या कॅथलिक संघाचा साधू झाला आणि १९५९ मध्ये इस्रायलला येऊन म्हणाला, मी परतीच्या कायद्याखाली आलोय. माझा धर्म कॅथलिक, माझं राष्ट्र ज्यू.

सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये त्याची मागणी चार विरुद्ध एक अशी फेटाळली. निकालात कबूल केलं होतं की हलाखाप्रमाणे हा माणूस ज्यू आहे, कारण आई ज्यू आणि बाहेर जाण्याची वाट नाही. पण परतीचा कायदा हा देशाचा ऐहिक कायदा आहे आणि त्यातल्या ‘ज्यू’ शब्दाचा अर्थ साध्या ज्यू माणसाला जो वाटतो तो घ्यायचा. साध्या ज्यू माणसाला कॅथलिक साधू ज्यू वाटत नाही. झालं. म्हणजे शास्त्राने ज्याला आत ठेवलं, त्याला सरकारने दाराबाहेर ठेवलं. पुढे हा साधू रीतसर अर्ज करून, इतर परदेशी माणसांसारखा, नागरिक झाला आणि शेवटपर्यंत हैफात राहिला.

त्याच सुमारास बेने इस्रायलांच्या बाबतीत नेमकं उलटं चाललं होतं. सरकारने आत घेतलं होतं आणि रब्बींच्या कचेरीत अडत होतं.

रब्बींना शंका होती ती ‘तुम्ही खरे ज्यू का?’ एवढीच नव्हती, ती जास्त तांत्रिक होती. ज्यू शास्त्रात काडीमोडासाठी ‘गेट’ नावाचा विशिष्ट पद्धतीने लिहिलेला कागद लागतो. तो नसताना बाईने दुसरं लग्न केलं तर त्या लग्नाची मुलं ममझेर ठरतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सर्वसामान्य ज्यूंशी लग्न करता येत नाही. निपुत्रिक विधवेसाठी दिराने सोडचिठ्ठी देण्याचा हलित्झा नावाचा विधी असतो, ज्यात ती त्याच्या पायातलं पादत्राण काढते. कोकणात शतकानुशतकं एकटे पडलेले बेने इस्रायल शब्बाथ पाळत होते, सुंता करत होते, शेमा ही ज्यूंची मुख्य प्रार्थना म्हणत होते. पण गेट आणि हलित्झा यांचे शास्त्रशुद्ध नियम त्यांच्यापर्यंत पोचले होते का, अशी रब्बींची शंका. म्हणजे एखाद्या खापरपणजीचं दुसरं लग्न नियमात बसलं नसेल, तर आजच्या नातवंडांचं काय?

रब्बींच्या मंडळाने १९६१ मध्ये तत्त्वतः लग्नाला हरकत नाही म्हटलं होतं. पण १९६२ मध्ये नोंदणी करणाऱ्या रब्बींना आदेश गेला की बेने इस्रायल वधू किंवा वर असेल तर आईकडच्या पिढ्या शक्य तितक्या मागे तपासा. एका समाजाचं नाव घेऊन काढलेला आदेश. याचा संताप होणारच होता. चळवळ झाली, जेरूसलेममध्ये निदर्शनं झाली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने खास बैठक घेऊन ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. मग रब्बींनी आदेशातून त्यांचं नाव काढलं आणि ‘ज्याच्या कुळाविषयी शंका असेल असा कोणीही’ असे शब्द घातले. नियम तोच राहिला, बोट दाखवणं तेवढं थांबलं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोकणात खुद्द बेने इस्रायलांमध्येही गोरे आणि काळे असा भेद होता. मिश्र संबंधांतून जन्मलेल्यांना काळे म्हणून वेगळं ठेवलं जाई, रोटीबेटी नसे. मुंबईत आलेल्या बगदादी ज्यूंनी पुढे सगळ्याच बेने इस्रायलांना तीच वागणूक देऊ पाहिली. जेरूसलेमला निघालेला प्रश्न मांडवीत आणि भायखळ्यात आधीच ओळखीचा होता.

सरकारी व्याख्या शेवटी लिहिली गेली ती १९७० मध्ये. बेन्यामिन शालित या नौदल अधिकाऱ्याची बायको बिगर-ज्यू. मुलांची नोंद राष्ट्र या रकान्यात ‘ज्यू’ अशी व्हावी म्हणून तो न्यायालयात गेला आणि पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला. धार्मिक पक्ष खवळले आणि काही आठवड्यांत कायदा बदलला. आता ज्यू म्हणजे ज्यू आईच्या पोटी जन्मलेला किंवा ज्यू धर्मात आलेला, आणि दुसऱ्या कोणत्याही धर्मात नसलेला. पहिला भाग हलाखाचा. शेवटचा तुकडा ब्रदर डॅनियलच्या निकालाचा. ‘हलाखानुसार’ धर्मात आलेला, असे शब्द घालावेत म्हणून धार्मिक पक्ष पुढे कित्येक वर्षं झटले, पण ते शब्द आत आले नाहीत.

त्याच दुरुस्तीत दुसरं एक कलम घातलं गेलं आणि खरा फरक त्याने पडला. येण्याचा हक्क ज्यूच्या मुलांना, नातवंडांना आणि त्या सर्वांच्या नवराबायकोलाही मिळाला. म्हणजे एक आजोबा ज्यू असले तरी पुरे. नाझी जर्मनीच्या १९३५ च्या न्यूरेम्बर्ग कायद्यांनी एका ज्यू आजोबावरूनही माणसाला वेगळं काढलं होतं, म्हणून ज्याला छळ भोगावा लागला असता त्याला आसराही मिळावा, असं त्याचं समर्थन नेहमी केलं जातं.

लक्षात घ्या, हे कलम त्या नातवाला ज्यू म्हणत नाही. त्याला फक्त आत येऊ देतं. १९८९ नंतर सोव्हिएत संघ आणि त्यातून फुटलेल्या देशांमधून सुमारे दहा लाख लोक आले. त्यातले लाखो जण या कलमाने नागरिक झाले, हिब्रू शिकले, सैन्यात गेले, पण हलाखाप्रमाणे ज्यू नव्हते. नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘धर्म नाही’ असं लिहिलं गेलं.

आणि इथे पेणची मुलगी पुन्हा आठवते. इस्रायलमध्ये नागरी विवाह नाही. लग्न आपापल्या धर्मसंस्थेकडेच लागतं, आणि ज्यूंसाठी ती कचेरी रब्बींची. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की इस्रायलमध्येच रिफॉर्म किंवा कन्झर्वेटिव्ह या कमी कडक ज्यू पंथांच्या धर्मपीठासमोर ज्यू झालेल्यालाही परतीच्या कायद्याने नागरिकत्व मिळेल. मोठी बातमी झाली. पण निकाल पहिल्या कचेरीपुरता होता. दुसऱ्या कचेरीचे रब्बी कडक ऑर्थोडॉक्स पंथाचे आहेत, आणि त्यांच्या लेखी ती व्यक्ती आदल्या दिवशी जी होती तीच राहिली.

म्हणून अशी जोडपी सायप्रसला जातात. विमानाने तासाभराचं अंतर. तिथल्या नगरपालिकेत सही करतात, दाखला घेतात, फोटो काढतात आणि परत येतात. परदेशात झालेल्या लग्नाची नोंद गृहखात्याने केलीच पाहिजे, असा न्यायालयाचा निकाल १९६३ पासून आहे. ती नोंद करताना आईच्या आईचं नाव कोणी विचारत नाही.