शटडाऊन (अमेरिका)

काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) खर्चाला वेळेत मंजुरी न दिल्यामुळे अमेरिकेच्या संघराज्य सरकारची अत्यावश्यक नसलेली कामे बंद पडणे, म्हणजे शटडाऊन. तिजोरीत खडखडाट झाला म्हणून ही वेळ येत नाही. पैसा असतो, तो खर्चायची मुभा नसते. कर्जमर्यादेचा, म्हणजे सरकारने जास्तीत जास्त किती कर्ज काढावे याचा, वाद वेगळा, पण बातम्यांत दोन्हींची हमखास गल्लत होते.

आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोवर १२ विनियोजन विधेयके (खर्चाला मंजुरी देणारी) संमत व्हायला हवीत. ती बहुधा होत नाहीत, मग तात्पुरत्या ठरावावर भागवले जाते. सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, तोही मताला टाकायला १०० पैकी ६० मते लागत असल्याने अल्पमतातला पक्षसुद्धा नाक दाबू शकतो.

१९८० पूर्वी मंजुरी रखडली तरी कचेऱ्या बहुतेक चालूच राहत. त्या वर्षी अ‍ॅटर्नी जनरल (सरकारचे मुख्य कायदा अधिकारी) बेंजामिन सिव्हिलेटी यांनी एकोणिसाव्या शतकातल्या एका कायद्यावर बोट ठेवून मंजुरीविना खर्च बेकायदा ठरवला. जीवित व मालमत्तेचे रक्षण एवढाच काय तो मोठा अपवाद. शटडाऊनला धार आली ती या कायदेशीर मतामुळे.

१९९५-९६ मध्ये अध्यक्ष क्लिंटन आणि प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच यांच्या भांडणात सरकार दोनदा बंद पडले, दुसऱ्यांदा २१ दिवस. इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या अंत्यविधीहून परतताना आपल्याला अध्यक्षांच्या विमानाच्या मागच्या दाराने उतरवले, हा राग गिंग्रिच यांनी पत्रकारांपुढे बोलून दाखवला. न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने पहिल्या पानावर त्यांचे रडके बाळ करून टाकले. २०१३ चा वाद ओबामांच्या आरोग्य कायद्यावरून झाला. २०१८-१९ मध्ये मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी ३५ दिवस गेले. सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांपैकी काही सक्तीने घरी, उरलेले बिनपगारी कामावर. २५ जानेवारीला हवाई नियंत्रक कमी पडून न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी विमाने खोळंबली आणि त्याच दिवशी तडजोड झाली. २०२५ चा शटडाऊन ४३ दिवसांचा, तोवरचा सर्वांत लांब. मुद्दा आरोग्यविम्याच्या सवलतींचा होता.

थकलेला पगार मागाहून देण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे. कंत्राटी सफाई कामगारांना मात्र ती लागू नाही.

भारतात असा पेच उद्भवत नाही. लोकसभेने अनुदानाच्या मागण्या फेटाळल्या तर सरकारच पडते, आणि अर्थसंकल्प लांबला तर लेखानुदान (तात्पुरती खर्चमंजुरी) असते. अमेरिकी अध्यक्षाची मुदत ठरलेली, त्यामुळे दोन्ही बाजू अडून बसू शकतात. २०२५ मध्ये याची झळ तिथल्या मराठी अभियंत्यांनाही लागली: व्हिसा कचेरी शुल्कावर चालत असल्याने उघडी होती, पण एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जाआधी लागणारी कामगार खात्याची मंजुरी अडकली होती.