आपत्काळातील बर्फपुरवठा (कोकण किनारा)

वादळ, अतिवृष्टी किंवा दीर्घकाळ वीज गेलेली असताना बेटांवरील व खाडीपलीकडील वस्त्यांना औषधे, मासळी, दूध आणि प्रसंगी मृतदेह टिकवण्यासाठी बर्फ पुरवण्याची पद्धत. कोकणात हा पुरवठा मुख्यतः मासेमारीच्या जोरावर चालतो. बंदरालगतचे बर्फ कारखाने नौकांसाठी लाद्या काढतात आणि अडीनडीला त्याच लाद्या दवाखान्यात किंवा घरात जातात. त्यामुळे बर्फ मिळणार की नाही, हे बऱ्याचदा वादळाच्या जोरापेक्षा मासेमारीच्या हंगामावर ठरते.

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना एरवी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. या दिवसांत बर्फाला गिऱ्हाईक नसते, म्हणून कारखाने बंद किंवा मंद असतात, आणि पावसाळ्यातल्या आपत्ती नेमक्या याच काळात येतात. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर बंदीच्या काळातच आला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, त्या वर्षी केंद्राने बंदीची सुरुवात १५ जूनपर्यंत पुढे ढकलली होती. पण टाळेबंदीने हंगामाची घडी आधीच विस्कटली होती. नारळी-पोफळीच्या वाड्या तारांवर कोसळल्या, खांब मोडले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीकडच्या अनेक गावांत वीज यायला कित्येक दिवस, काही ठिकाणी आठवडे लागले. मे २०२१ च्या मध्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर गुजरातकडे सरकले, तेव्हा हंगाम निदान संपायचा होता.

बर्फ मागितला की लगेच तयार होत नाही, हे मदतकार्यात फार उशिरा लक्षात येते. कारखान्यात पत्र्याचे उभे डबे पाण्याने भरून उणे ८ ते १० अंश सेल्सिअसच्या मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. ते खारे पाणी अमोनियाच्या यंत्रणेने गार राहते. सुमारे दीडशे किलोची जाड लादी गाभ्यापर्यंत गोठायला एक-दोन दिवस जातात, आणि एक टन बर्फाला साधारण ५० ते ७० युनिट वीज लागते. घरगुती जनरेटरवर हे काम होत नाही. म्हणून हवामान खात्याचा इशारा आला की कारखाना पूर्ण क्षमतेने चालवून साठा करून ठेवणे, हाच खरा उपाय. वीज गेल्यावरही टाकीतले खारे पाणी काही काळ थंडावा धरून ठेवते, तेवढ्यात तयार लाद्या काढून घेता येतात.

साठा असला तरी तो बेटावर पोचायला हवा. उरण तालुक्यातील घारापुरी, विरारजवळचा अर्नाळा किल्ला, वसईच्या खाडीतील पाणजू आणि दक्षिण कोकणच्या खाड्यांमधील जुवे म्हणून ओळखली जाणारी छोटी बेटे होडीवर अवलंबून आहेत. धोक्याचा बावटा लागला की होड्या ओढून वर घेतात आणि वादळानंतरही समुद्र लगेच शांत होत नाही. ओहोटीला होडी काठाला लागत नाही. लादी चिखलातून खांद्यावर न्यावी लागते. शंभर-दीडशे किलोचे धूड असे नेणे म्हणजे गंमत नव्हे. त्यामुळे वादळापूर्वीच्या शेवटच्या फेरीत गेलेला बर्फ हाच बहुधा बेटाचा पहिल्या काही दिवसांचा साठा असतो. घारापुरीला समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून फेब्रुवारी २०१८ मध्ये कायमची वीज मिळाली. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटर चाले. वीज आली की घरात फ्रीज येतो आणि मग वीज जाण्याचे नुकसानही मोठे होते, हा विकासाचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

बर्फ नेण्याची रीत खलाशांना पाठ असते. लादी अखंड न्यायची, मुक्कामी पोचल्याशिवाय फोडायची नाही, कारण चुरा झाला की पृष्ठभाग वाढतो आणि तो भराभर वितळतो. भोवती लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस, वर गोणपाट, त्यावर ताडपत्री, आणि खाली पाणी निथळायला फळ्या. ही युक्ती जुनीच आहे: १८३३ मध्ये बोस्टनहून कलकत्त्याला आलेला नैसर्गिक बर्फ चार महिन्यांच्या प्रवासात अशाच आवरणाच्या आधाराने टिकला होता, आणि तरीही त्यातला बराचसा वाटेत वितळला. आता थर्माकोलच्या पेट्या आणि नौकांचे उष्णतारोधक खण आहेत. वादळाच्या इशाऱ्याने परत फिरलेल्या नौकेच्या खणात बर्फ उरला असेल, तर ती बंदरात उभी असलेली आयती बर्फपेटीच ठरते.

एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. म्हणजे एका लादीत जवळपास १४ युनिट विजेइतकी उष्णता जिरते. हा थंडावा कुणाला द्यायचा, यावरून गावात कुरबुर होतेच. पहिला हक्क आरोग्य केंद्राचा. लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात आणि त्यासाठीचा आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर आपल्या भिंतीतल्या गोठलेल्या थराच्या बळावर काही काळ तग धरतो; पुढे बर्फाची सोय लागते. इथे थंडावा जास्त झाला तरी घात होतो: पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांवरची एकत्र लस), हिपॅटायटिस बी आणि टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) या लसी गोठल्या की वाया जातात. म्हणून फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक लगेच लसवाहकात घालत नाहीत. परिचारिका ते बाहेर ठेवते, पृष्ठभागावर पाण्याचे थेंब जमू देते आणि कानाजवळ हलवून आत पाणी खुळखुळते का ते ऐकते, मगच भरते. इन्सुलिनचेही तसेच, कुपी बर्फाला थेट टेकवायची नाही. वापरात असलेली कुपी सुमारे चार आठवडे सावलीत, ३० अंशांच्या आत चालते, तेव्हा तिच्यासाठी धावपळ करण्याचे कारण नाही. माठाजवळ ठेवतात, पण दमट हवेत माठ फारसा गार होत नाही.

दुसरी निकड कुणी मोठ्याने बोलत नाही. गावी कुणी गेले आणि मुंबईचे चाकरमानी यायचे असतील, तर देह बर्फाच्या लादीवर ठेवतात. रस्ते तुटलेले असताना ही वाट लांबते, म्हणून शवपेटी असली तरी लाद्या लागतातच. मासळीला जवळजवळ तिच्या वजनाइतका बर्फ लागतो, म्हणून अशा वेळी ती वाळवणे किंवा खारवणे शहाणपणाचे. घरातला फ्रीज न उघडता ठेवला तर साधारण चार तास आणि गच्च भरलेला फ्रीजर सुमारे दोन दिवस टिकतो. लोक मात्र दर तासाला उघडून बघतात.

मुबलक बर्फ म्हणजे चांगली व्यवस्था, असेही नाही. अमेरिकेत २००५ च्या कतरिना वादळानंतर खरेदी केलेल्या बर्फाचे ट्रक आपद्ग्रस्त भागाऐवजी पार उत्तरेकडील मेन राज्यातल्या शीतगृहांत जाऊन पोचले होते. पुढे तिथल्या केंद्रीय आपत्ती यंत्रणेने बर्फाचे सरसकट वाटप आखडते घेतले.

महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग मिसळणे बंधनकारक आहे. आपत्तीत हाताशी येतो तो बहुतेक हाच बर्फ. औषधाची बंद पेटी किंवा देह थंड ठेवायला तो चालतो. सरबतात, पिण्याच्या पाण्यात किंवा मुलांच्या तोंडात तो जाता कामा नये, कारण गोठल्याने पाण्यातले रोगजंतू मरतातच असे नाही. वितळलेले पाणी स्वच्छ दिसले तरी ते भांडी धुण्यासाठीही वापरू नये.