पाण्याची खोली पाठवताना शून्य कुठलं, तेही लिहा

जेटी, ड्रेजिंग किंवा सांडपाण्याच्या पाइपासाठी खाडीतल्या प्रवाहाचं संगणकावर मॉडेल करून घेणारे पहिल्याच फोनवर विचारतात, "रिपोर्ट कधी?" ते बरंचसं तुम्ही पाठवलेल्या खोलीच्या एक्सेल फाइलवर असतं.

फाइलीत तीन रकाने: एक्स, वाय, खोली. खोली ३.२. पण कशापासून? जमिनीवरचा सर्व्हेअर समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजतो. नौदलाच्या चार्टवरची खोली चार्ट डेटमपासून, म्हणजे जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीपासून असते. मुंबईत या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे. काहीजण तर होडीतून दोर सोडून त्या घटकेचं पाणी लिहितात, तेही वेळ न टाकता.

मध्यंतरी एका कामात सरासरी पातळीपासूनचे आकडे डेटमचे समजून आम्ही मॉडेल चालवलं. काठचा चिखल दिवसरात्र पाण्याखाली! प्रत्यक्षात ओहोटीला बायका तिथे तिसऱ्या वेचत होत्या. खाडीत आत-बाहेर होणारं पाणीच चुकलं, मग तोंडाशी करंटचा, म्हणजे प्रवाहाचा, वेग कसा जुळणार? चार दिवसांचं रनिंग वाया गेलं. तेव्हापासून शून्य लेखी आल्याशिवाय आम्ही सुरुवात करत नाही. काहींना हा छळ वाटतो, वाटू दे.

"ॲपवर करंट फुकट दिसतो की!" दिसतो, आणि उघड्या समुद्रासाठी तो उपयोगीही आहे, आम्हीही मॉडेलच्या बाहेरच्या कडेला तसेच आकडे घेतो. पण मॉडेल समुद्राचे चौकोन पाडून हिशोब करतं, आणि जागतिक मॉडेलचा एक चौकोन साधारण ९ किलोमीटरचा. मुंबईजवळच्या धरमतर खाडीचं तोंड त्यात अख्खं मावतं. आम्ही जेटीपाशी २०-३० मीटरचे चौकोन पाडतो, म्हणूनच खोली इतकी काटेकोर लागते.

भरतीची नोंदही एका दिवसाची नको. उधाण (सगळ्यात मोठी भरती-ओहोटी), भांग (सगळ्यात लहान) आणि पुन्हा उधाण यांना पावणेपंधरा दिवस लागतात, तेवढी तरी हवी. भांगाच्या दिवशी मोजलेल्या करंटवर पाइपाची जागा ठरवू नका.

सर्व्हे अजून व्हायचा असेल तर आधी कळवा. भरतीमापक आम्ही आणून लावतो. सर्व्हे आमच्याकडे असेल तर त्याचं वेगळं भाडं नाही. सर्व्हे झालाच असेल तर सर्व्हेअरचा बेंचमार्क, म्हणजे उंची ठरलेली पक्की खूण, कुठे आहे ते विचारून घ्या, आणि जेटीच्या खांबावर रंगाची खूण असेल तर तिचा फोटो वेळेसकट पाठवा. निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं.