मेल जात नाहीयेत ना? मग एमएक्सला हात लावू नका

अपग्रेडनंतर मेल अडकले की ऑफिसात कोणीतरी हमखास म्हणतं, "एमएक्स बदलून बघ ना." अरे बाबा, मेल येत नाहीयेत की जात नाहीयेत, ते तरी आधी विचार!

एमएक्स म्हणजे डीएनएसमधली (इंटरनेटवरच्या नावांची वही) नोंद, आपल्या डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवर आणून द्यायचे ते सांगणारी, एकाहून जास्त असल्या तर लहान आकडा आधी. घोळ होतो तो ती नोंद वाचतं कोण यात. ती वाचतो समोरच्याचा सर्व्हर, आपल्याला मेल पाठवताना. बिल्डिंगच्या गेटवर 'पार्सल मागच्या गेटने' अशी पाटी असते ना, ती येणाऱ्या कुरियरवाल्यासाठी असते, आपलं पार्सल कुठल्या कुरियरने जाणार ते पाटी बदलून कसं ठरेल? ते ठरवतो रिलेहोस्ट, म्हणजे आपण जाणारे मेल पुढे पाठवायला ज्याच्या हाती देतो तो सर्व्हर, काही जण स्मार्टहोस्ट म्हणतात.

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात शनिवारी रात्री मेल सर्व्हरवरचं उबुंटू (लिनक्स) अपग्रेड केलं, मधेच त्याने विचारलं पोस्टफिक्सची (मेल पाठवणारा प्रोग्राम) तुमची सेटिंगची फाइल ठेवू की पॅकेजवाली घेऊ, पोराने झोपेत पॅकेजवाली घेतली आणि रिलेहोस्टची ओळ गेली. ती ओळ नसली की पोस्टफिक्स थेट समोरच्याच्या एमएक्सवर पोर्ट २५ ने (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) जायला बघतो, आणि आमच्या ब्रॉडबँडवर २५ बंद. सोमवारी मेलक्यू (अडकलेल्या मेलची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर प्रत्येक मेलखाली 'कनेक्शन टाइम्ड आउट'. येणारे मेल मात्र धडाधड येत होते, म्हणजे एमएक्स ठणठणीत! तरी एका शहाण्याने तो बदललाच, जेवणाच्या सुट्टीपर्यंत येणारेही बंद, आणि परत जुना टाकला तरी टीटीएल, म्हणजे चुकीची नोंद इतर सर्व्हर लक्षात ठेवतात ती मुदत, संपेपर्यंत बसा बोंबलत.

आता यातली खरी खोच. रिलेहोस्ट परत टाकताना नावाला चौकोनी कंस लावा, मग कोलन आणि ५८७, किंवा तुमचा रिलेवाला सांगेल तो पोर्ट. कंस नसले तर पोस्टफिक्स त्या रिलेच्या नावाचाच एमएक्स शोधतो, सापडला तर मेल घेऊन तिकडे जातो, म्हणजे त्यांच्या येणाऱ्या मेलच्या दारात, आणि तिथे कोणी ओळख देत नाही. कंस असले की एमएक्स न बघता सरळ त्याच मशीनवर. रिलेहोस्ट असताना एमएक्सचा संबंध येतो तो एवढाच, आणि तोही आपल्या एमएक्सचा नाही.

आणि कृपा करून क्यू (थांबलेल्या मेलची रांग) डिलीट करू नका, मला त्याचा भयंकर राग येतो. मेल पाच दिवस रांगेत थांबतात, पोस्टफिक्स रीलोड करा, रांग लगेच पुढे ढकलायला 'पोस्टक्यू' कमांडला मायनस एफ द्या, चहा पिऊन येईपर्यंत निघायला लागतात.