कायद्याला अमान्य, दगडावर मान्य

रोमन सैनिकाला नोकरीत असेपर्यंत लग्न करता येत नसे. बहुधा सम्राट ऑगस्टसच्या काळात आलेली ही बंदी सम्राट सेप्टिमियस सेव्हरसने इ.स. 197च्या सुमारास उठवली. पण नोकरी वीस-पंचवीस वर्षांची. तेवढी वर्षे माणूस संसारावाचून कसा राहणार? छावणीच्या तटाबाहेर घरे थाटली गेली, पोरेबाळे झाली. कायद्याच्या लेखी ती बायको नव्हती आणि मुले औरस नव्हती. 119 मध्ये सम्राट हेड्रियनने इजिप्तमधल्या सैनिकांच्या मुलांना वारशाचा थोडा हक्क दिला, इतकेच.

थडग्यावर मात्र घरच्यांनी 'पत्नी' हा शब्द बेलाशक कोरला. म्हणून हे मृत्युलेख मला कायद्याच्या पोथ्यांहून जास्त खरे वाटतात.

वेल्समधल्या कार्लियनच्या रोमन लष्करी तळाजवळ सापडलेला एक लेख पाहा. तादिया वाल्लाउनियुस, वय 65. तिचा मुलगा तादियुस एक्सुपेरातुस, वय 37, जर्मनीच्या मोहिमेत मरण पावला. दोघांसाठी हा दगड मुलगी तादिया एक्सुपेराताने बसवला, 'वडिलांच्या थडग्याशेजारी'. वडिलांचे नाव लेखात नाही. दोन्ही मुलांचे कुलनाम आईचेच आहे आणि अनौरस मुलांना आईचेच कुलनाम मिळत असे. आई-वडील शेजारी शेजारी राहावेत, परमुलखात गेलेल्या भावाचे नाव तरी घरच्या मातीत असावे, ही त्या मुलीची धडपड पाहून जीव हलतो.

अधिकाऱ्यांना ही अडचण नव्हती. रोमनांविरुद्ध उठलेल्या ब्रिटिश राणी बूडिकाच्या बंडानंतर ब्रिटनचा वसुली कारभार पाहायला आलेल्या क्लासिसिआनुसचे थडगे लंडनला त्याची बायको यूलिया पाकाता हिने उभारले आणि त्यावर आपल्या वडिलांचे नावही घातले. पुढे ते दगड शहराच्या तटात चिणले गेले. तुकडे 1852 आणि 1935 मध्ये हाती लागले.

उत्तर इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सच्या रोमन किल्ल्याजवळ, 1878 मध्ये मिळालेल्या दगडावर रेगिना वेताच्या खुर्चीत बसली आहे. एका बाजूला दागिन्यांची पेटी, दुसऱ्या बाजूला लोकरीच्या गुंड्यांची टोपली. चेहरा झिजून गेला आहे. ती दक्षिण ब्रिटनच्या कातुवेल्लाउनी जमातीची, वय 30. सीरियातल्या पाल्मिराच्या बराटेसने तिला गुलामीतून सोडवून बायको केले. लॅटिन मजकुरात व्याकरणाच्या चुका आहेत. त्याखालची त्याच्या मातृभाषेतली ओळ सफाईने कोरलेली आहे: 'रेगिना, बराटेसने मुक्त केलेली, हाय!'