खटका, हीटर आणि स्टँडबाय : हाय-फाय यंत्रे चालू ठेवण्याच्या सल्ल्यामागची पार्श्वभूमी

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या निर्वात नळ्यांच्या, घरगुती रेडिओत चालू-बंदचा खटका बहुधा आवाजाच्या बटणातच असे. बटण डावीकडे पूर्ण फिरवले की टक्, रेडिओ बंद. ऐकून झाले की बंद करायचे, यात कुणाला प्रश्न पडत नसे. ‘यंत्र बंद करू नका, बंद-चालू केल्यानेच ते बिघडते’ हा विचार मुळात टेलिफोन एक्स्चेंजच्या आणि पहिल्यावहिल्या संगणकांच्या खोल्यांतला. तिथे तो अगदी बरोबर होता. पुढे हाय-फायच्या, म्हणजे घरी उत्तम दर्जाने संगीत ऐकायच्या यंत्रांच्या, आतले भाग दोन-तीनदा पार बदलले, सल्ला मात्र तोच राहिला.

ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या डॉलिस हिल संशोधन केंद्रातल्या टॉमी फ्लॉवर्स यांना टेलिफोनच्या कामातून एक गोष्ट पक्की ठाऊक होती : व्हॉल्व्ह अखंड चालू ठेवला तर तो फार क्वचित जातो. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतभेद केंद्रासाठी कोलोसस हा संगणक बांधताना दीड हजारांहून अधिक व्हॉल्व्ह एका यंत्रात बसवायचे होते. इतक्यांतला एखादा सतत उडतच राहील, ही शंका रास्त होती. फ्लॉवर्सनी वीज तोडायचीच नाही या हिशेबाने यंत्र उभे केले आणि १९४४ च्या सुरुवातीला ते कामाला लागले. ही हकिकत १९७० च्या दशकापर्यंत गुप्त राहिली. उघडपणे गाजला तो अमेरिकेतला एनिॲक हा संगणक. त्यात १७,४६८ व्हॉल्व्ह होते आणि बिघाड मुख्यतः यंत्र तापताना किंवा निवताना होतात हे तिथेही ध्यानात आले. मेरीलँडमधल्या ॲबरडीनला हलवल्यानंतर २९ जुलै १९४७ ला चालू केलेले ते यंत्र २ ऑक्टोबर १९५५ पर्यंत जवळपास सलग चालू ठेवले गेले.

कारण सरळ आहे. थंड टंगस्टनचा विद्युत्‌रोध तापलेल्या टंगस्टनच्या कित्येक पटींनी कमी असतो. खटका दाबल्याक्षणी हीटरमधून, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या टंगस्टनच्या तारेतून, नेहमीच्या अनेक पट करंट धावतो, तार प्रसरण पावते, तिच्यावरच्या इन्सुलेशनला ताण बसतो, आणि काच व धातूच्या पिना जिथे सांधलेल्या असतात तिथेही ओढाताण होते. एका व्हॉल्व्हच्या बाबतीत ही जोखीम नगण्य. सतरा हजारांच्या बाबतीत मात्र दर वेळी चालू करताना दोन-चार जाणार, आणि ते शोधण्यात दिवस जाणार. थोडक्यात, फ्लॉवर्सना काळजी एकेका व्हॉल्व्हच्या आयुष्याची नव्हती, यंत्र बंद पडून राहण्याची होती.

याच गोष्टीची दुसरी बाजू एमआयटीतल्या व्हर्लविंड संगणकावर काम करणाऱ्यांना सापडली. हीटर तापलेला, पण व्हॉल्व्हमधून करंट मात्र वाहत नाही, अशा स्थितीत व्हॉल्व्ह बराच काळ राहिला तर कॅथोडवर, म्हणजे तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागावर, विद्युत्‌रोधी थर साचतो आणि व्हॉल्व्ह ‘झोपतो’. कॅथोडच्या निकेलमध्ये सिलिकॉनचा अंश असेल तर हे लवकर होते, म्हणून कमी सिलिकॉनचे कॅथोड वापरात आले. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरवर जो स्टँडबायचा खटका असतो, तो नेमकी हीच स्थिती निर्माण करतो : हीटर चालू, प्लेटचा (इलेक्ट्रॉन झेलणाऱ्या भागाचा) व्होल्टेज बंद. पाच मिनिटांच्या विश्रांतीला त्याने काही बिघडत नाही. रात्रभर स्टँडबायवर ठेवणे मात्र चालू ठेवण्यापेक्षाही वाईट आणि बंद करण्यापेक्षाही.

घरातल्या व्हॉल्व्ह ॲम्पचे गणित संगणकाच्या नेमके उलटे आहे. ईएल३४ जातीच्या चार आउटपुट व्हॉल्व्हचे स्टीरिओ ॲम्प घ्या. प्रत्येकाचा हीटर ६.३ व्होल्टला १.५ अँपिअर घेतो, म्हणजे साधारण साडेनऊ वॉट. गाणे न वाजवताही चार हीटर मिळून ३८ वॉट नुसती ऊब देतात. प्लेटवरचा खर्च वेगळा आणि त्याहून मोठा. या व्हॉल्व्हचे आयुष्य ३,००० तास धरले, तर दिवसाला तीन तास ऐकणाऱ्याला ते पावणेतीन वर्षे पुरतात. चोवीस तास चालू ठेवले तर १२५ दिवसांत संपतात. खटका वाचवायला व्हॉल्व्ह जाळणे हा व्यवहार कुठल्याही हिशेबात बसत नाही.

सुरक्षेचा मुद्दा तर आहेच. आधीच्या टप्प्याकडून फक्त गाण्याचा सिग्नल पुढे सोडणारा कपलिंग कपॅसिटर गळू लागला की आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा, करंटला आवर घालणारा ऋण बायस (स्थिर व्होल्टेज) कमी होतो, करंट वाढतो आणि प्लेट लालभडक होते. समोर कोणी बसलेले असेल तर ते दिसते आणि हात खटक्याकडे जातो. घरात कोणी नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळेपर्यंत कळत नाही. चालू करतानाचा धक्का कमी करायचा असेल तर त्याचे उपाय जुनेच आहेत : जीझेड३४ सारखा सावकाश तापणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह, जो दहा-पंधरा सेकंद उच्च व्होल्टेज येऊच देत नाही, किंवा ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (वीज आत येणाऱ्या गुंडाळीला) सिरीजमध्ये एनटीसी थर्मिस्टर, जो थंड असताना करंट अडवतो आणि तापला की वाट मोकळी करतो.

मधल्या काळात अमेरिकेत टीव्ही बनवणाऱ्यांनी एक तडजोड करून पाहिली. ‘इन्स्टंट ऑन’ संचांत बंद केल्यावरही हीटरना थोडी वीज मिळत राही, म्हणजे खटका दाबताच चित्र हजर. सोय झाली, पण न पाहिलेल्या टीव्हीचा वीजखर्च सुरू झाला. आजच्या स्टँडबायचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

ट्रान्झिस्टर आला आणि हीटर गेला. खरे तर वाद इथेच मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण ट्रान्झिस्टरला उष्णतेचे वेगळेच दुखणे होते. त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. एबी वर्गाच्या (दोन बाजू आळीपाळीने काम करणाऱ्या) ॲम्पमध्ये दोन्ही बाजूंच्या आउटपुट ट्रान्झिस्टरमधून गाणे नसतानाही थोडा करंट वाहता ठेवावा लागतो, नाहीतर लहरीच्या मध्यावर, जिथे एक बाजू सोडते आणि दुसरी धरते, तिथे खरखरीत विकृती येते. हा करंट अचूक राहावा म्हणून हीटसिंकवर एक छोटा ट्रान्झिस्टर किंवा डायोड बसवून तापमान जोखले जाते. पण हीटसिंक जड. आउटपुट ट्रान्झिस्टरमधली चिप क्षणात तापते, हीटसिंकला ते कळायला मिनिटे लागतात. म्हणूनच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हा शांततेतला करंट, म्हणजे बायस, लावायची पद्धत अशी : स्पीकर काढा, आवाज शून्यावर, झाकण शक्यतो लावून ॲम्प दहा मिनिटे ते अर्धा तास तापू द्या, मग एमिटर रेझिस्टरवर मोजा. रेझिस्टर ०.२२ ओहमचा असेल आणि मीटर २२ मिलिव्होल्ट दाखवत असेल, तर करंट १०० मिलिअँपिअर. थंड ॲम्पवर हाच आकडा लावला तर तापल्यावर तो भलतीकडे गेलेला असतो.

तेव्हा ‘तापल्यावर बरे वाजते’ हे म्हणणे पोकळ नाही. किती वेळात, हा प्रश्न आहे. मोठा हीटसिंक स्थिरावायला साधारण पाऊण तास ते तासभर लागतो. त्यानंतर आत तापायला काही उरतच नाही. तीन दिवस चालू ठेवलेल्या ॲम्पचा हीटसिंक तासभर चालू असलेल्यापेक्षा वेगळा नसतो. शिवाय नुसते चालू ठेवून मिळवलेला समतोल हा शांततेतला समतोल. पहिला दणदणीत तुकडा वाजला की चिप तापते, बायस हलतो, आणि रात्रभर जपलेली स्थिरता दोन मिनिटांत मोडते. याकडे ‘बंदच करू नका’वाले सहसा पाहत नाहीत.

ए वर्गाचे, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरमधून सतत पूर्ण करंट वाहणारे, ॲम्प या बाबतीत टोकाचे. जॉन लिन्सली हूड यांची १० वॉटची रचना ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये एप्रिल १९६९ ला आली. २७ व्होल्टला १.२ अँपिअर, म्हणजे गाणे असो-नसो, प्रत्येक चॅनेल ३२ वॉट खाणार. दोन्ही मिळून ६५ वॉट धरले तर दिवसाला दीड युनिटहून जास्त, तेही १० वॉटच्या यंत्रासाठी. असे ॲम्प अर्धा तास आधी लावावे, ऐकून झाल्यावर बंद करावे. याहून दुसरे मत संभवत नाही.

अखंड चालू ठेवण्याला हाय-फायच्या जगात प्रतिष्ठा मिळाली ती विशेषतः १९७० नंतरच्या ब्रिटनमध्ये. ज्युलियन व्हेरेकर यांच्या नेम ऑडिओचे नाव इथे पहिले घ्यावे लागते. त्यांच्या त्या काळातल्या प्रीॲम्पला (पॉवर ॲम्पच्या आधीच्या, आवाज आणि स्रोत निवडायच्या यंत्राला) वीज पॉवर ॲम्पमधून किंवा वेगळ्या सप्लायमधून मिळे, आणि यंत्रे दीर्घकाळ चालू ठेवल्यास उत्तम वाजतात असे कंपनीच्या पुस्तिकांतच लिहिलेले असे. त्याच देशात, त्याच दशकात, पीटर वॉकर यांच्या क्वाडने १९७५ मध्ये ४०५ हे ‘करंट डंपिंग’ ॲम्प आणले. त्यात मोठ्या आउटपुट ट्रान्झिस्टरना शांततेतला करंट दिलेलाच नव्हता. लहान ए वर्गाचा टप्पा त्यांची चूक भरून काढी. त्यामुळे बायस लावणे नाही आणि तापायची वाट पाहणे नाही. दोन्ही यंत्रे ट्रान्झिस्टरचीच, तरी एकाचा नियम दुसऱ्याला लागू पडत नव्हता.

आता कपॅसिटर, कारण ट्रान्झिस्टर यंत्राचे आयुष्य बहुतेक वेळा तेच ठरवतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर तापमान छापलेले असते, तास डेटाशीटमध्ये मिळतात : ८५ अंशाला २,००० तास, अशा थाटात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट. यंत्राच्या आत ४५ अंश असेल तर ८५ अंशांच्या कपॅसिटरला चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. अखंड चालू ठेवल्यास साडेतीन वर्षांच्या वर थोडे. दिवसाला चार तास वापरल्यास बावीस वर्षे. तोच कपॅसिटर १०५ अंशांचा असता तर सहा वेळा दुप्पट : १,२८,००० तास, अखंड चालवूनही साडेचौदा वर्षे. म्हणजे ‘चालू ठेवले तर काय होईल’ याचे उत्तर पुष्कळदा आवरणावर छापलेल्या एका आकड्यात असते. दीड-दोन वॉट खाणाऱ्या, गार राहणाऱ्या फोनो प्रीॲम्पला (रेकॉर्ड प्लेअरचा सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राला) चालू ठेवल्याने फार झीज होत नाही. हात ठेववत नाही इतक्या गरम ॲम्पचे तसे नाही.

उलट टोकही आहे. वर्षानुवर्षे बंद पडून राहिलेल्या यंत्रात कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर विरतो. त्याला एकदम पूर्ण व्होल्टेज दिले तर करंट गळतो, तो तापतो आणि कधी फुटतो. असे यंत्र आधी सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत बल्ब जोडून, लावावे : ट्रान्झिस्टर ॲम्पला ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब, एलईडी नव्हे. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबावे. व्हेरिॲक (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर तासाभरात टप्प्याटप्प्याने व्होल्टेज चढवावे. महिन्यातून एकदा तासभर वाजवल्या जाणाऱ्या यंत्रावर ही वेळ येत नाही.

चालू करतानाच्या धक्क्याचे काय? तो खराच असतो. ५०० व्हीएच्या टॉरॉइडल (कड्याच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरचा गाभा पहिल्या अर्ध्या आवर्तनात संपृक्त होऊ शकतो, आणि त्याच वेळी रिकामे फिल्टर कपॅसिटर भरायला लागतात. म्हणून फ्यूज ‘टी’ खुणेचा, सावकाश उडणारा लागतो. त्या जागी जलद फ्यूज बसवला की तो विनाकारण उडत राहतो. मोठ्या ॲम्पमध्ये सॉफ्ट स्टार्ट असतो : दहा-वीस ते पन्नास ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर सुरुवातीचा करंट अडवतो आणि सेकंदाच्या आत रिले त्याला बाजूला करतो. या रिलेचे संपर्क जळाले की रेझिस्टर मार्गातच राहतो, तापतो आणि जळका वास येतो. स्पीकरच्या बाजूला दुसरा रिले, बऱ्याच जपानी ॲम्पमध्ये एनईसीच्या यूपीसी१२३७ या आयसीच्या ताब्यातला. तो काही सेकंद थांबून, आउटपुटला डीसी नाही याची खात्री करून ‘टक्’ करतो. तो टक् आलाच नाही तर वारंवार खटका दाबून पाहू नये, डीसी मोजावा. जुन्या ॲम्पमध्ये हा रिले नसतो, म्हणून क्रम पाळावा लागतो : चालू करताना सीडी प्लेअर आणि प्रीॲम्प आधी, पॉवर ॲम्प शेवटी, बंद करताना पॉवर ॲम्प पहिला. हा क्रम चुकला की धप्प आवाज थेट वूफरवर जातो.

१९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने स्टँडबायचा खर्च एक वॉटवर आणावा असा प्रस्ताव मांडला, आणि युरोपीय संघाच्या १२७५/२००८ या नियमाने त्याला कायद्याचे रूप दिले : २०१० पासून १ वॉट, २०१३ पासून अर्धा वॉट, माहिती दाखवणारा डिस्प्ले असेल तर २०२५ पर्यंत दुप्पट मुभा होती. २०१३ पासून वापर नसेल तर यंत्राने आपणहून झोपी जाण्याची तरतूदही आली. हळू आवाजात ऐकताना मध्येच गप्प होणारा सबवूफर बिघडलेला असेलच असे नाही. आलेला सिग्नल त्याला गाणे म्हणून ओळखता येण्याइतका मोठा नसतो. सबवूफरचा आवाज थोडा कमी करून ॲम्पकडून येणारी पातळी वाढवावी, किंवा ‘ऑटो’चा खटका ‘ऑन’वर करावा.

डी वर्गाच्या (ट्रान्झिस्टर खटक्यासारखे वेगाने चालू-बंद करणाऱ्या) आजच्या ॲम्पमध्ये तापायची वाट पाहण्यासारखे फारसे नसते. त्याच्या एसएमपीएसमध्ये (स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्यात) मात्र जुना वाद नव्या जागी सापडतो. वर्षानुवर्षे स्टँडबायवर असलेले यंत्र वीज जाऊन आल्यावर उठतच नाही, दिवा लुकलुकतो किंवा लागतच नाही. कंट्रोलर आयसीला सुरू होण्यापुरती ऊर्जा देणारा २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर गरम हीटसिंकशेजारी वाळलेला असतो. एकदा चाललेला सप्लाय त्याच्यावाचूनही कसाबसा तग धरतो. पुन्हा सुरू व्हायला मात्र तो लागतोच. मुख्य कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याची मीटरने खात्री करून हा छोटा कपॅसिटर १०५ अंशांचा, कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला), ५० व्होल्टचा बसवावा, आणि जागा असेल तर हीटसिंकपासून थोडा वाकवून दूर.