नाव सीसीडीचं, कॅमेरा सीमॉसचा

‘तेजोमेघांचे फोटो काढायचेत, कोणता सीसीडी घेऊ?’ हा प्रश्न मला अजूनही येतो. सीसीडी आणि सीमॉस हे कॅमेऱ्यात उजेड टिपणाऱ्या सेन्सरचे दोन प्रकार, आणि विचारणाऱ्याने पाहून ठेवलेला कॅमेरा बहुतेक वेळा सीमॉस असतो. दुर्बिणीच्या मागे बसणारा, पंखा आणि कूलर असलेला गोल डबा म्हणजे सीसीडी, ही सवय जिभेला जुनी आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आतला कारभार मात्र वेगळा.

स्लॅब पडताना घमेली हातोहात वर जातात ना, तसं सीसीडीचं काम. पिक्सेलमध्ये साठलेले इलेक्ट्रॉन एकेक घर पुढे सरकत कोपऱ्यातल्या अॅम्प्लिफायरपर्यंत पोचतात आणि तिथे मोजले जातात. 1969 साली बेल लॅब्समध्ये विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी हे शोधलं, 2009 साली त्यांना नोबेल मिळालं. सीमॉसमध्ये प्रत्येक पिक्सेलचा अॅम्प्लिफायर त्याच्यापाशीच असतो, त्यामुळे मोजणी झटपट होते.

खरा फरक पडतो तो रीड नॉइजमध्ये. मोजताना दरवेळी होणारी ही चूक जुन्या, नावाजलेल्या केएएफ-8300 सीसीडीत साधारण 8 इलेक्ट्रॉन, तर सोनीच्या आयएमएक्स571 सीमॉसमध्ये योग्य गेनवर (सिग्नल किती वाढवायचा त्या सेटिंगवर) दीडच्या आसपास. आकाशाच्या उजेडातून पिक्सेलमध्ये रीड नॉइजच्या वर्गाच्या दहापट इलेक्ट्रॉन जमले, की तो नॉइज बुडाला असं आपण धरतो. म्हणजे सीसीडीत 8 × 8 × 10, अर्थात 640 लागतात, सीमॉसमध्ये जेमतेम 23. सीसीडीचा पिक्सेल मोठा, त्यामुळे तो थोडा लवकर भरतो, पण ते धरूनही अंतर फार मोठं राहतं. म्हणून सीसीडीला लांबलचक एक्सपोजर लागतं, सीमॉसला छोटी पुरतात.

याचा अर्थ मला वांगणीजवळच्या एका शेतात कळला. अश्वमुख तेजोमेघावर हायड्रोजन-अल्फा फिल्टर (हायड्रोजनचा लाल उजेड तेवढा आत सोडणारा) लावून सीसीडीवर 20 मिनिटांचं एक्सपोजर चालू होतं. अठराव्या मिनिटाला बांधावरून मोटरसायकल गेली, हेडलाइट थेट दुर्बिणीवर, आणि अख्खी फ्रेम वाया. सीमॉसवर तीच वेळ दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत घेतली असती, तर एक तुकडा टाकून पुढे गेलो असतो. माउंट (दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारा आधार) साधा असेल, गाइडिंग (तारा धरून ती दिशा सुधारत राहणं) डळमळत असेल, तर हे सुख फार मोठं आहे. बदल्यात डिस्क भरते. आयएमएक्स571ची एक फ्रेम सुमारे 52 एमबी.

सीसीडीची एक गोष्ट मात्र सीमॉसला साधलेली नाही, बिनिंग. चार पिक्सेलचे इलेक्ट्रॉन सीसीडी आधी एकत्र करतो आणि मग एकदाच मोजतो. आपल्याकडचे सीमॉस कॅमेरे चारदा मोजून बेरीज करतात, म्हणून रीड नॉइज दुप्पट होतो. शिवाय केएएफ-8300च्या कॅमेऱ्यांना यांत्रिक शटर असतं, डार्क (उजेड अडवून काढलेली, नंतर फोटोतून वजा करायची फ्रेम) घ्यायला झाकण लावायला उठावं लागत नाही.

तरी आज नवा घेणाऱ्याला मी सीमॉसच सांगेन. सोनीने 2015 सालीच सीसीडी बंद करण्याचं जाहीर केलं, त्यामुळे उद्या सेन्सर गेला तर बदली मिळणं कठीण. सगळे सीमॉसही सारखे नाहीत. आयएमएक्स294मध्ये डार्क फ्रेमच्या कडेला अॅम्प ग्लोची, म्हणजे सेन्सरच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सची झळाळी येते, ती डार्क वजा करून काढावी लागते. आयएमएक्स533 आणि 571 त्या बाबतीत स्वच्छ आहेत.

जुना मोनो (कृष्णधवल) सीसीडी खरोखर स्वस्त मिळत असेल आणि माउंट दणकट असेल, तर जरूर घ्या. घेण्याआधी मालकाकडून उणे 10 अंशांवर काढलेली 10 मिनिटांची डार्क फ्रेम मागा. तिचा उजेड सॉफ्टवेअरमध्ये ताणून पाहा, उभ्या पांढऱ्या रेघा, म्हणजे खराब झालेल्या रांगा, किती आहेत ते मोजा. मग कॅमेरा तासभर गार ठेवून सेन्सरवर बर्फाची नक्षी उमटते का ते बघा. उमटली तर आतली ओल शोषणारी सिलिकाची पुडी संपली आहे किंवा सील गेलं आहे. पुडी ओव्हनमध्ये सुकवता येते, पण सील गेलेला डबा कोकणातल्या एका पावसाळ्यात संपतो.